जठर बायपासनंतरचे उष्मांकशोषण आणि वजनस्थैर्य

जठर बायपास ही तीव्र स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आहे. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 15 ते 30 मिलिलिटरची लहानशी पिशवी वेगळी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर, आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि मध्यांत्राचा (त्याच्या मधल्या भागाचा) सुरुवातीचा तुकडा शरीरातच राहतो. त्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहत असतो, फक्त अन्न त्या वाटेने जात नाही. या दोन वाटा पुढे ‘वाय’ या अक्षराच्या आकारात एकत्र येतात आणि तेथून खाली अन्न व पाचकरस यांची खरी गाठ पडते. या जोडणीला स्विस शल्यविशारद सेझार रू यांचे नाव मिळालेले आहे. मराठवाड्यात अशा रुग्णाबद्दल ‘त्याचं आतडं कापलंय’ असे सर्रास बोलले जाते. या शस्त्रक्रियेत मात्र आतडे काढून टाकलेले नसते, अन्नाची वाट वळवलेली असते.

या बोलण्याला जोडून दुसरे वाक्य हमखास येते : ‘आता काहीही खाल्लं तरी अंगी लागत नाही.’ ही समजूत अर्धवट आहे आणि पुढच्या वर्षांत रुग्णाला तीच महागात पडते. बायपासनंतर उष्मांकांचे शोषण घटते हे खरे. पण ती घट लहान असते, आणि वजन उतरण्याचे मुख्य कारण ती नसते. 2010 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील संशोधकांनी 9 रुग्णांचे खाणे आणि त्यांच्या मलातून बाहेर पडणारी ऊर्जा, दोन्ही मोजून हा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर 5 महिन्यांनी कमी शोषणामुळे दिवसाला सरासरी 124 उष्मांक वाया जात होते, तर 14 महिन्यांनी 172. त्याच काळात कमी खाण्यामुळे टळलेले उष्मांक अनुक्रमे 2,062 आणि 1,418 होते. म्हणजे शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेत जी एकूण घट झाली, तिच्यात शोषणाचा वाटा पहिल्या वेळी सुमारे 6 टक्के आणि दुसऱ्या वेळी 11 टक्के होता. रुग्ण थोडे असले तरी मोजणी बारकाईची असल्यामुळे या अभ्यासाला वजन आहे. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीला 60 ते 70 ग्रॅम पीठ लागते आणि तिच्यात दोनशेवर उष्मांक असतात. तेव्हा 172 उष्मांक म्हणजे जेमतेम पाऊण भाकरी. दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या चहाचे तीन कप तेवढी भर सहज घालतात.

जे शोषण घटते तेही सर्व घटकांचे सारखे घटत नाही. स्निग्ध पदार्थ पचण्यासाठी पित्त आणि स्वादुपिंडरस अन्नात नीट मिसळावे लागतात, आणि ते उशिरा मिसळत असल्याने घट मुख्यतः स्निग्धांशात पडते. साखर आणि पिठूळ पदार्थ जवळजवळ पूर्वीसारखेच शोषले जातात. मानवी लहान आतडे साधारण सहा मीटरचे. बायपासमध्ये अन्न ज्या भागाला मुकते तो बहुधा मीटरभराच्या आतबाहेरचा असतो, त्यामुळे उरलेले आतडे आपले काम करण्यास पुरेसे असते.

शोषण खरोखरच तोडून वजन उतरवण्याचा प्रयत्न यापूर्वी होऊन गेला आहे. 1950च्या दशकात मध्यांत्राचा आरंभ थेट शेषांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, अखेरीस जोडून बहुतेक लहान आतडे वगळण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन भरपूर उतरले, पण अतिसार, मुतखडे आणि यकृत निकामी होणे असे दुष्परिणाम पुढे आल्याने ती सोडून द्यावी लागली. जठराचा बायपास त्यानंतरचा. 1966 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी तो प्रथम केला, आणि 1990च्या दशकात तो दुर्बिणीद्वारे होऊ लागला.

मग माणूस कमी का खातो? पिशवी लहान असते हे एक कारण, पण केवळ तेवढ्याने भूक शमली नसती. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तेथील पेशी जीएलपी-1 व पीवायवाय ही संप्रेरके जेवणानंतर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सोडतात. ही संप्रेरके मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. दोन चमचे वरण आणि पाव भाकरीत रुग्णाला ‘बस झालं’ वाटते, ते त्याच्या मनोनिग्रहामुळे नव्हे. पहिल्या वर्षी हा परिणाम सर्वांत ठळक असतो. पुढे खाण्याची क्षमता वाढत जाते, आणि डॅलसच्या आकड्यांत कमी खाण्याचा लाभ 2,062 वरून 1,418 वर आलेला दिसतो तो याचमुळे. शिवाय उतरलेल्या शरीराची गरजही उतरते. 120 किलोच्या माणसाला जेवढे अन्न पुरत असे, तेवढे 85 किलोचा झाल्यावर त्याला जास्तच होते.

वजनाचा दीर्घकालीन आलेख या दोन गोष्टींतून घडतो. 1987 मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी घटले, तर 10 वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर आली. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या रुग्णांत 2 वर्षांनी 45 किलो, 6 वर्षांनी सुमारे 36 किलो आणि 12 वर्षांनी 35 किलो अशी सरासरी घट आढळली. वजन परत येते ते बहुतांशी दुसऱ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान, आणि तेही उतरलेल्याच्या काही भागाएवढेच; त्यानंतर ते बरेच स्थिरावते. चार-पाच किलो वाढले की ‘ऑपरेशन फसलं’ म्हणून खचून जाणारे रुग्ण पुष्कळ असतात, त्यांना हे आकडे आधीच सांगायला हवेत.

मराठवाड्याच्या जेवणात या माहितीचा अर्थ नेमका काय होतो, हे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. रुग्णाला रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पाव भाकरीतून दोन ग्रॅमही प्रथिने मिळत नाहीत, आणि पातळ वरणात डाळ थोडी व पाणीच जास्त असते. म्हणून ताटातला क्रम बदलावा लागतो : आधी घट्ट वरण, उसळ, दही, पनीर किंवा अंडे, आणि भाकरी शेवटी, डाळीत कुस्करून, लहान चमच्याने, अर्धा तास घेऊन. माळकरी घरात अंडेही चालत नाही, तेथे डाळी आणि दूधदुभत्यावरच भिस्त ठेवावी लागते. लातूर ही तूर आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे; 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, तरी शिवारभर पिकणारे हे धान्य घरच्या चुलीवर क्वचितच शिजते. बायपास झालेल्याच्या घरात तरी ते शिजावे.

सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ), चिवडा, फरसाण, बिस्किटे यांसारखे पदार्थ पिशवीतून पटकन खाली उतरतात आणि पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकत राहण्याची सवय ही वजन परत येण्याची सर्वांत नेहमीची वाट आहे; चहाचेही तसेच. जास्त गोडाचा परिणाम वेगळा होतो. उसाचा रस पेलाभर प्याला की अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते, आडवे पडावेसे वाटते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरून चक्कर येते. उन्हाळ्यात हा प्रकार ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून दिला जाण्याचा धोका असतो.

पंगतीचा आग्रह हाही येथे वैद्यकीय विषय ठरतो. ‘अहो पाहुणे, एवढंच? घ्या की अजून एक,’ असे म्हणत वाढपी ताटात पुरणपोळी टाकतो आणि नको म्हणणे यजमानाला लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच बरोबर बसवून समजावले, तर हा ताण पुष्कळ हलका होतो.

उष्मांकांचे शोषण थोडेच घटते, पण सूक्ष्म पोषकद्रव्यांची गोष्ट वेगळी आहे. ‘अंगी लागत नाही’ हे शब्द त्यांनाच खऱ्या अर्थाने लागू पडतात. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः वगळलेल्या आद्यांत्रात आणि मध्यांत्राच्या सुरुवातीला होत असते, आणि बी-12 जीवनसत्त्वाला जठराचे आम्ल व तेथील एक विशिष्ट प्रथिन लागते. त्यामुळे लोह, कॅल्शियम, ड आणि बी-12 जीवनसत्त्वे आयुष्यभर वेगळी घ्यावी लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यांच्यासाठी लोहाची गोळी चुकवणे विशेष धोक्याचे. ती गोळी चहाबरोबर घेतली तर चहातील टॅनिन लोह अडवून धरते, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तरी तेच. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. वजन उतरले, आता कशाला गोळ्या, असा विचार करून त्या बंद करणाऱ्याला त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. बी-12चा शरीरातील साठा काही वर्षे पुरतो आणि तो संपल्यावर हातापायांना मुंग्या येऊ लागतात.

स्निग्धांश न शोषला गेल्याचा आणखी एक परिणाम या कोरड्या मुलखात महत्त्वाचा आहे. आतड्यात राहिलेली चरबी कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे एरवी कॅल्शियमशी जखडून मलावाटे जाणारे ऑक्झलेट हे अन्नातील द्रव्य मोकळे राहून रक्तात उतरते आणि लघवीत त्याचे खडे होतात. चाळीस अंशांच्या वर जाणारा उन्हाळा आणि एका वेळी घोटभरच पाणी मावणारी पिशवी, म्हणजे मुतखड्याला दोन्हीकडून निमंत्रण. जेवताना आणि नंतरचा अर्धा तास पाणी टाळायचे असल्यामुळे उरलेल्या वेळात ते घोट-घोट पीत राहावे लागते. शेतात जाणाऱ्याने बाटली बांधावर न ठेवता कमरेला ठेवलेली बरी.

वजन बरेच परत आल्यास वगळलेल्या आतड्याची लांबी वाढवणारी फेरशस्त्रक्रिया करता येते. पण तिच्यानंतर प्रथिनांची गंभीर कमतरता, सूज आणि अतिसार यांचा धोका वाढतो, त्यामुळे शल्यविशारद तिच्याकडे सावधपणे पाहतात. अलीकडे अशा रुग्णांना लिराग्लुटाइड किंवा सेमाग्लुटाइड ही औषधेही दिली जातात. बायपासनंतर आतडे स्वतःच जे जीएलपी-1 वाढवून भूक आवरते, त्याच संप्रेरकाच्या मार्गाने ती काम करतात. शोषणाला ती हात लावत नाहीत.