कावीळ लिव्हरची की पित्तनलिकेची?

दारूमुळे सिऱ्होसिस (लिव्हरमध्ये व्रणासारखे तंतू साठून ते घट्ट होणं) झालेल्या रुग्णाचे डोळे पिवळे दिसले की लिव्हर आणखी खालावलं, असंच धरलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण काहींच्या बाबतीत पित्त आतड्यात उतरण्याच्या वाटेवरच अडलेलं असतं, आणि हा अडथळा दूर करता येतो.

नेहमीचं कारण म्हणजे खडे. सिऱ्होसिसमध्ये प्लीहा फुगते, तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं रंगद्रव्य) जास्त तयार होतं. त्याच वेळी ते विरघळलेलं ठेवणारे पित्तक्षार कमी पडतात. त्यातून पित्ताशयात काळे खडे होतात आणि एखादा घरंगळून मुख्य पित्तनलिकेत अडकतो. दुसरं कारण शेजारचं. या नलिकेचा शेवटचा भाग स्वादुपिंडाच्या डोक्यातून जातो. दारूने स्वादुपिंडालाही वर्षानुवर्षं सूज असेल, तर तिथले तंतू नलिकेला हळूहळू आवळत नेतात. क्वचित, पोर्टल शिरेत (आतड्यातून लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) गुठळी झाल्यावर फुगलेल्या पर्यायी शिराही तिला बाहेरून दाबतात.

थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ हे तिन्ही एकत्र आले, तर अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यायलाच हवी. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी 1877 मध्ये सांगितलेली ही लक्षणं आजही उपयोगी पडतात, पण सिऱ्होसिसमध्ये ती अर्धवटच दिसू शकतात. रुग्ण असंबद्ध बोलू लागला की दोष लिव्हर खालावल्याने रक्तात साठणाऱ्या अमोनियाला दिला जातो आणि संसर्ग नजरेतून सुटतो.

रक्त तपासणीतून अंदाज येतो. दारूच्या हेपटायटिसमध्ये (लिव्हरला आलेली सूज) एएसटी आणि एएलटी या लिव्हरच्या एन्झाइम्सपैकी एएसटी साधारणपणे एएलटीच्या दीडपटीहून जास्त असतं आणि दोन्ही सहसा 400 च्या खाली राहतात. एएलटी अचानक 500 च्या वर गेलं किंवा अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) सतत चढं राहिलं, तर नलिका तपासावी.

इथे सोनोग्राफी दगा देऊ शकते. एरवी अडथळ्याच्या वरच्या नलिका फुगलेल्या दिसतात. पण घट्ट झालेल्या लिव्हरमध्ये त्यांना फुगायला जागाच नसते. शिवाय जलोदरात (पोटात पाणी साठणं) पित्ताशयाची भिंत नुसत्या पाण्यानेही जाड दिसते, तिला सूज समजू नये. शंका उरली तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करतात.

अडथळा ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढतात. अशा रुग्णांत प्लेटलेट कमी आणि रक्त गोठायला वेळ लागणारा. त्यामुळे नलिकेचं तोंड कापलं तर रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून काही वेळा ते फुग्याने रुंद करतात, मात्र त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका थोडा जास्त. रुग्ण फारच अशक्त असेल तर फक्त प्लास्टिकचा स्टेंट (छोटी नळी) घालून पित्ताला वाट करून देतात आणि खड्याचं नंतर बघतात. हा स्टेंट गाळाने बुजतो. साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो. त्वचेतून थेट पित्तनलिकेत नळी घालण्याचा पर्याय आहे, पण पोटात पाणी असेल तर नळीच्या बाजूने ते झिरपतं.

तीव्र हेपटायटिससाठी रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देण्याचा विचार असेल, तर हे सगळं त्याआधी पाहावं लागतं. नलिकेत जंतू असताना स्टेरॉइड सुरू झालं, तर संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही.