कार्बन फायबर शाफ्ट मागवण्याआधी: माप कसं घ्यायचं आणि गाडी चाकांवर उभी का हवी

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबी पाठवून ‘मागवून ठेवा, आलो की बसवून घेतो’ म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. अशी ऑर्डर आम्ही घेत नाही. काहींना तो आडमुठेपणा वाटतो, म्हणून कारण सविस्तर लिहीत आहोत.

सोलापुरात प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीचं काम म्हणजे मुख्यतः ट्रक, टिपर आणि गाळप हंगामातल्या ऊस वाहतुकीच्या गाड्यांचं. तिथे लांबी दोन सूत चुकली तरी अडत नाही. पाइप कापायचा, योक (टोकाचा दुबेळक्यासारखा भाग) पुन्हा वेल्ड करायचा, बॅलन्सिंग करायचं, की गाडी रस्त्यावर. ही सवय कार्बनच्या शाफ्टला चालत नाही. त्याच्या नळीत कार्बनचे धागे ठरावीक कोनात गुंडाळून इपॉक्सीत (चिकट रेझिनमध्ये) पक्के केलेले असतात आणि टोकांचे धातूचे योक कारखान्यातच नळीला पक्के जोडलेले असतात. नळी कापली की तो जोड गेला, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने इपॉक्सीच जळतं. त्यामुळे पंधरा मिलिमीटर चुकलेला शाफ्ट दुरुस्त होत नाही. नवीन बनवावा लागतो, पुन्हा पैसे, पुन्हा तेवढेच आठवडे.

चूक नेमकी कुठे होते

बहुतेक वेळा टेप नीट धरलेली असते, गाडी चुकीच्या अवस्थेत असते. टू-पोस्ट लिफ्टवर (जी गाडी तळाला धरून उचलते) गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात. थार किंवा २०१४ पर्यंतच्या मस्टँगसारख्या अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत डिफरन्शियलही (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) अ‍ॅक्सलबरोबर खाली येतं आणि गिअरबॉक्सपासूनचं अंतर बदलतं. असा फरक काही वेळा सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणून माप खड्ड्यावर किंवा फोर-पोस्ट लिफ्टवर, चारही चाकांवर गाडीचं पूर्ण वजन असतानाच घ्यायचं. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवायची असेल तर आधी ते काम करा, माप नंतर.

मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल, म्हणजे नवी मस्टँग किंवा बीएमडब्ल्यू, तर डिफरन्शियल सबफ्रेमला बोल्टने बांधलेलं असतं आणि चाकं लोंबल्याने अंतर बदलत नाही. तिथे चूक वेगळी होते. जुना दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून, फरशीवर ठेवून मोजला जातो. त्याचा सरकता जॉइंट हाताळताना आत-बाहेर होतो, त्यामुळे ती लांबी खरी नसते. शाफ्ट काढल्यावर गिअरबॉक्सच्या फ्लँजच्या (शाफ्ट ज्याला बोल्टने बांधतात त्या चकतीच्या) तोंडापासून डिफरन्शियलच्या फ्लँजच्या तोंडापर्यंत, सरळ, मिलिमीटरमध्ये मोजायचं. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची लांबी वेगळी असू शकते, म्हणून इंटरनेटवरचं ‘याच गाडीचं’ माप धरू नये. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग दबून खाली बसलेलं असेल तर तेही आधी बदला.

स्लिप योकच्या, म्हणजे गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या योकच्या गाडीत योक पूर्ण आत ढकलल्यावर जिथे टेकतो, तिथून २० ते २५ मिमी बाहेर असायला हवा. शाफ्ट लांब झाला तर खड्ड्यात चाक आदळताच योक आत टेकतो आणि तो मार गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर बसतो. ऑइल सील गळायला लागलं की हा संशय आधी घ्यावा. आखूड झाला तर स्प्लाइनची (योकमधल्या दात्यांची) पकड कमी पडते आणि वेगात थरथर येते.

हा खर्च कोणी करावा

पोलो, ऑक्टाव्हिया, स्विफ्ट अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना प्रोपेलर शाफ्टच नसतो, त्यामुळे हा विषय त्यांचा नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत फायदा आहे, पण तो कुठे, हे स्पष्ट असावं. इंजिनची ताकद वाढत नाही. वजन कमी होतं, पण चाकांच्या मानाने शाफ्टचा व्यास लहान असल्याने फिरत्या वजनाचा फायदा चाकं हलकी केल्याइतका जाणवत नाही.

खरी गंमत वेगात आहे. प्रत्येक शाफ्टला एक मर्यादा असते. त्यापुढे तो उड्या मारायच्या दोरीसारखा मधोमध बाहेर फुगतो. लांबी दुप्पट झाली की ही मर्यादा एक चतुर्थांशावर येते, म्हणून लांब स्टीलच्या शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग द्यावं लागतं. टायरचा घेर दोन मीटर आणि डिफरन्शियलचा रेशो साडेतीन धरला, तर ताशी २०० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला सुमारे ५,८०० फेरे घेतो. कार्बन वजनाच्या मानाने जास्त ताठ असल्याने तो लांबीला एका तुकड्यात पुरतो आणि सेंटर बेअरिंगची कटकट संपते. निस्सान ३५०झेडला कारखान्यातूनच असा शाफ्ट होता. बीएमडब्ल्यूच्या एम३-एम४ मध्येही २०१४ पासून काही वर्षं होता.

पुणे महामार्गावर शंभरच्या वेगाला थरथर येते एवढीच तक्रार असेल, तर आधी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा जॉइंट), सेंटर बेअरिंग आणि बॅलन्सिंग करून घ्या. त्याचा खर्च कार्बनच्या तुलनेत फारच कमी येतो आणि बहुतेकदा तेवढ्याने काम भागतं. आम्ही आधी तेच सुचवतो.

बसवताना

दोन तुकड्यांच्या जागी एक तुकडा आला की जॉइंटचे कोन बदलतात. क्रॉस जॉइंटचा कोन १ ते ३ अंशांत हवा, आणि पुढचा-मागचा फरक एका अंशाच्या आत. कोन शून्य ठेवणंही चूकच, कारण बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. कार्बनच्या नळीचा व्यास स्टीलच्यापेक्षा मोठा असतो, म्हणून सायलेन्सर, हँडब्रेकची केबल आणि गाडीच्या तळातल्या शाफ्टच्या बोगद्यापासून सगळीकडे निदान २५ मिमी मोकळी जागा तपासतो. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा हवाच. मे महिन्यात आपल्याकडे रस्ताच तापलेला असतो, वरून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची धग, आणि इपॉक्सी उष्णतेनेच मऊ पडतं. बोल्ट नवीन, थ्रेडलॉकर लावून, गाडीच्या मॅन्युअलच्या टॉर्कने. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासणी, तिचे पैसे घेत नाही.

शाफ्टच्या टोकाचं रबर कपलिंग काढलं असेल तर गिअरचा आवाज थोडा जास्त ऐकू येईल. तो बिघाड नाही.

नंतर

जॅक नळीखाली कधीही लावू नका. वॉशिंगवाल्यालाही हे सांगून ठेवा. बॅलन्सिंगसाठी नळीवर क्लॅम्प आवळू देऊ नका. स्पीडब्रेकरला किंवा दगडाला शाफ्ट घासला तर गाडी घेऊन या. नाण्याने टकटक केल्यावर सगळीकडे खणखणीत आवाज आणि एका जागी बोदा आला, किंवा धागे सुटून पांढरट दिसू लागले, तर तो शाफ्ट पुन्हा वापरू नये. वरवरचा ओरखडा असेल तर इपॉक्सीने बंद करून देतो, कारण पाणी शिरून धातूच्या जोडापाशी गंज धरतो.

ऑर्डरसाठी गाडी चालू अवस्थेत, इंधन निम्मं भरून, कार्यशाळेत आणा. मोजमापाचे पैसे घेत नाही. गाडी इथे आणणं शक्य नसेल आणि तुमच्याकडे खड्डा असेल, तर लातूर, धाराशिव, विजयपूरपर्यंत आमचा फिटर येतो; फक्त जाण्यायेण्याचा खर्च द्यावा लागतो. माप आम्ही घेतलेलं असेल आणि शाफ्ट लांबीला चुकला, तर नवीन शाफ्ट आमच्या खर्चाने.  वॉरंटीतल्या गाडीसाठी आधी कंपनीच्या डीलरशी बोला, आणि बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी कळवा. त्यासाठी लागणारं बिल आणि पार्टचा तपशील आम्ही देतो.