रिपोर्टातली साखर आणि रिसेप्टरवरची साखर

सोलापुरात ‘शुगर’ म्हटले की साखर कारखाना डोळ्यांपुढे येत नाही, येतो तो आजार. ‘त्यांना शुगर आहे’ एवढे पुरते. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट हातात पडतो, त्यावर कित्येकदा ‘ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन’ असे छापलेले असते. हा शब्द जुना, आणि काटेकोर पाहिले तर चुकीचा. रक्तातले ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते. त्यासाठी कोणतेही एन्झाइम लागत नाही. त्याला ग्लायकेशन म्हणतात. ग्लायकोसिलेशन निराळे. तिथे पेशी स्वतः, एन्झाइम लावून, प्रथिनावर ठरलेल्या जागी ठरलेली साखर बसवते. ज्या इन्सुलिनभोवती या आजाराची सगळी चर्चा फिरते, त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे त्याला धरणारे प्रथिन, या दुसऱ्या साखरेवाचून उभाच राहत नाही. हे कळायला मात्र बराच काळ गेला.

प्रथिनांबरोबर सापडणारी साखर हा आधी मळ समजला जाई: शुद्धीकरण नीट झाले नाही म्हणून उरलेला. 1938 मध्ये अल्बर्ट न्यूबर्गर यांनी अंड्याच्या पांढऱ्यातल्या अल्ब्युमिनवर काम करून दाखवले की ती साखर प्रथिनाचाच भाग आहे. पण ती तिथे कशासाठी, हा प्रश्न तसाच राहिला.

इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला जाऊन बसते हे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झाले. त्यात पेद्रो क्वात्रेकासास यांचे नाव ठळक. 1973 मध्ये त्यांना आणखी एक गमतीची गोष्ट दिसली. गव्हाच्या अंकुरातले लेक्टिन, म्हणजे साखरेला पकडणारे प्रथिन, चरबीच्या पेशींवर टाकले तर पेशी इन्सुलिन मिळाल्यासारख्या वागू लागतात. रिसेप्टर साखरेने मढलेला आहे, याची ती खूण होती.

पुढचा धागा जपानमधून आला. तिथे 1971 मध्ये एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ट्युनिकामायसिन सापडले होते. हे द्रव्य साखर जोडण्याची पहिलीच पायरी अडवते. 1979 मध्ये ते चरबीच्या पेशींना दिल्यावर त्यांच्यावरचे इन्सुलिन रिसेप्टर घटले. डॅनियल लेन यांच्या प्रयोगशाळेने पुढे दाखवले की साखरेविना तयार झालेली रिसेप्टरची साखळी (ॲमिनो आम्ले एकामागे एक जोडून झालेले प्रथिन) इन्सुलिनला धरूच शकत नाही. साखर असलेल्या साखळीलाही ती ताकद जन्मतः नसते, तयार झाल्यावर काही वेळाने येते. म्हणजे मधल्या वेळात काहीतरी घडते.

काय घडते, याचे उत्तर अर्जेंटिनातून सुरू होते. पेशी साखरेचा एकेक दाणा जोडत बसत नाही. 14 साखरांचे तयार झाड आधी बांधते आणि नव्या साखळीतल्या ॲस्पॅराजिन या ॲमिनो आम्लावर एकदम रोवते. त्या झाडाच्या एका टोकाला 3 ग्लुकोज असतात. या क्षेत्राचा पाया लुईस लेलुआर यांनी घातला (1970 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांचेच). आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवण्याच्या जाळीत, 2 ग्लुकोज कापले जातात. उरलेल्या एकाला कॅल्नेक्सिन नावाचा मदतनीस धरतो आणि घडी बसेपर्यंत, म्हणजे साखळी दुमडून योग्य आकारात येईपर्यंत, तिला सांभाळतो. मग तेही ग्लुकोज कापले जाते. घडी चुकलेली असेल तर एक एन्झाइम ते परत चिकटवते आणि साखळी पुन्हा मदतनिसाकडे जाते. हे तपासनीस एन्झाइम लेलुआर यांच्याकडेच घडलेल्या आर्मांदो पारोदी यांच्या कामातून पुढे आले. संपूर्ण फेऱ्याची मांडणी 1990 च्या दशकात आरी हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी केली. एवढी कडक तपासणी, आणि ती एका ग्लुकोजच्या जिवावर!

सोलापूरकराला इथे खळ आठवावी. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, आणि कापड विणून झाले की ती धुऊन काढतात. खळही पिष्टाचीच, म्हणजे साखरेचीच साखळी. रिसेप्टरवरची साखर धुतली जात नाही, पण काही रिसेप्टरांत तिचे मुख्य काम घडी बसेपर्यंतच दिसते. 1995 मध्ये डेबोरा सेगालॉफ यांच्या गटाने उंदराच्या एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे हार्मोन) रिसेप्टरवर हेच पाहिले: घडी बसून पृष्ठभागावर पोहोचायला साखर हवी, पण एकदा नीट उभ्या राहिलेल्या रिसेप्टरला हार्मोन धरायला ती लागत नाही. त्याच वर्षी फिनलंडमधल्या काही कुटुंबांत, अंडाशय काम न करणाऱ्या स्त्रियांमध्ये, याच रिसेप्टरच्या 189 व्या जागी एका ॲमिनो आम्लाची अदलाबदल सापडली. साखर बसण्याची एक जागा तिथून दोनच घरे पुढे, 191 वर. असा बदललेला रिसेप्टर बहुतांशी पेशीच्या आतच अडकतो.

मात्र खळीची उपमा इन्सुलिन रिसेप्टरपाशी फाटते. त्याचा अल्फा भाग पेशीबाहेर इन्सुलिन धरतो, बीटा भाग पडदा ओलांडून आत निरोप देतो. बीटावरच्या साखरेच्या चारही जागा काढून टाकल्या तेव्हा रिसेप्टर पृष्ठभागावर पोहोचला, इन्सुलिनही त्याने धरले, पण निरोप आत गेला नाही. 1992 मधल्या या निष्कर्षाप्रमाणे तिथली साखर विणून झाल्यावरही कामाची असते.