पेवाच्या तोंडाशी उभे असलेले मामा

माझे थोरले मामा तरुणपणी हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होते. सांगलीबाहेरच्या वाचकांना पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची इथली माती घट्ट. तिच्यात खोल खड्डा खणून हळद वर्षानुवर्षं साठवता येई. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. २००५च्या महापुरानं बरीच पेवं निकामी केली, पण मामांच्या काळी पेव फोडणं हे नेहमीचं काम होतं. पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही, हा पहिला नियम. बंद पेवात प्राणवायू फार कमी असतो, म्हणून तर आतल्या मालाला कीड लागत नाही. तोंड उघडून बराच वेळ वारं खेळू द्यायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरायचा.

एकदा सौद्याची घाई होती आणि मामा कंदील न सोडताच उतरले. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "पाय टेकलं आनि डोळ्यापुढं अंधारी आली. मग बघतोय तर मी वर, पेवाच्या तोंडाशी. खाली मीच पडलेला, उताणा, डोक्यावर पांढरी टोपी. मुकादम वरडतोय, दोघं दोर सोडत्यात. मला काय भ्या वाटलं न्हाई बघ. हलकं वाटत हुतं, पिसागत."

ही गोष्ट आमच्या घरात पन्नासेक वर्षं सांगितली गेली. मामी म्हणायची, जीव कुडीतून बाहेर पडला होता, देवानं परत पाठवला. माझे वडील म्हणायचे, डोक्यात वारं गेलं, दुसरं काही नाही. मी हायस्कूलात विज्ञान शिकवत होतो आणि दोन्ही बाजूंना मान डोलावत होतो. त्याचं मला आज वाईट वाटतं, कारण मामा विचारत होते तो प्रश्न साधा नव्हता, आणि त्याच्यावर जगभर मन लावून काम झालेलं आहे.

खरं तर ते दोन प्रश्न आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. मामांना तो अनुभव खरोखर आला का, हा पहिला. त्या वेळी मामा खरोखर पेवाच्या तोंडाशी होते का, तिथून त्यांना काही दिसलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर विज्ञान आज ठामपणे 'हो' असं देतं. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं.

२००२ साली एक नोंद प्रसिद्ध झाली. जिनिव्हाच्या रुग्णालयात ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी एका ४३ वर्षांच्या बाईंवर उपचार करत होते. त्यांना अपस्मार होता, म्हणजे आपण ज्याला फिट येणं म्हणतो तो आजार. फिट मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होते हे शोधण्यासाठी मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतअग्रं बसवून अगदी सौम्य प्रवाह देतात. रुग्ण त्या वेळी जागा असतो आणि काय वाटतं ते सांगत असतो. उजव्या कानाच्या वर, थोडं मागं, मेंदूचा एक वळसा आहे. तिथं थोडा प्रवाह दिला तेव्हा बाई म्हणाल्या, मी गादीत रुतत चाललेय, उंचावरून पडतेय. प्रवाह ३.५ मिलिअँपिअरपर्यंत नेला आणि त्या म्हणाल्या, मी वरून मला पलंगावर पडलेली बघतेय. प्रवाह बंद केला की त्या परत स्वतःत. पुन्हा दिला की पुन्हा वर, छताजवळ, तरंगत.

त्यांच्या सांगण्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. वरून त्यांना स्वतःचे फक्त पाय आणि कमरेजवळचा भाग दिसत होता. चेहरा नाही. छताजवळून बघणाऱ्याला तर आधी चेहरा दिसायला हवा. पण पलंगावर टेकून बसलेल्या माणसाला स्वतःचं जेवढं दिसतं, तेवढंच त्यांना 'वरून' दिसत होतं.

हा भाग नेमकं काय करतो? आपण 'मी इथं आहे' असं सहज म्हणतो. पण ते 'इथं' मेंदूला क्षणोक्षणी जुळवावं लागतं. डोळे सांगतात समोर काय आहे. कातडी आणि स्नायू सांगतात हात-पाय कुठं आहेत. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि बारीक खड्यांच्या दोन पिशव्या असतात. वर कुठलं, खाली कुठलं, डोकं कुठं कललं, हे त्या कळवतात. या सगळ्या बातम्या कानामागच्या त्या जोडजागी एकत्र येतात आणि त्यातून एक नकाशा तयार होतो: हा देह माझा, मी त्याच्या आत, आणि जग मी इथून बघतोय. बातम्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या तरी मेंदू नकाशा काढायचं थांबवत नाही. मिळेल त्यावर काढतो. पुराच्या पाण्यात सांगलीच्या आयर्विन पुलावरून उडी मारणारी पोरं सांगतात, पाण्याखाली क्षणभर वर कुठलं तेच कळत नाही. तसा गोंधळ डोक्याच्या आत झाला, तर 'मी' चुकीच्या जागी मांडला जाणं अगदी शक्य आहे. मार्सेयच्या संशोधकांनी २०१८मध्ये चक्कर येणाऱ्या २१० रुग्णांना विचारलं, तेव्हा १४ टक्क्यांनी देहाबाहेर गेल्याचा अनुभव सांगितला. निरोगी माणसांत हे प्रमाण ५ टक्के निघालं.

२००७मध्ये बेल्जियममधला आणखी एक रुग्ण नोंदवला गेला. वय ६३, कानात सतत आवाज होण्याचा त्रास, त्यासाठी मेंदूच्या याच भागात विद्युतअग्र बसवलेलं. प्रवाह सुरू केला की त्यांना वाटायचं, मी माझ्या देहाच्या मागं, डावीकडं, सुमारे ५० सेंटिमीटरवर आहे. पण खोली त्यांना दिसत होती ती नेहमीच्याच डोळ्यांतून. म्हणजे 'मी कुठं आहे' आणि 'मी कुठून बघतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सुट्या होऊ शकतात.

याची चव घ्यायला मेंदूला हात लावावा लागत नाही. १९९८मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी रबरी हाताचा प्रयोग प्रसिद्ध केला. मी तो आमच्या शाळेत नववीच्या वर्गात करून बघितला. रबरी हातमोज्यात कापूस भरला, मुलाचा खरा हात पुठ्ठ्याआड ठेवला, मोजा त्याच्यासमोर, आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच दिशेनं रंगाचे ब्रश फिरवले. दोनेक मिनिटांत मुलं म्हणू लागली, सर, ह्यो हात माझाच वाटतोय. मी मोज्यावर पट्टी उगारली तर एका मुलीनं आपला खरा हात झटकन मागं ओढला. हा प्रयोग घरी जरूर करा. सगळ्यांना जमेलच असं नाही, आणि ब्रश मागंपुढं झाले तर काहीच वाटत नाही. ते दोन्हीही लक्षात घेण्यासारखं आहे.

अख्ख्या देहाबाबत हेच करता येतं, हे २००७मध्ये दोन गटांनी एकाच सुमारास दाखवलं. लोझानमध्ये ब्लांके आणि सहकाऱ्यांनी लोकांना डोळ्यांवरच्या पडद्यात त्यांचीच पाठ दोन मीटर समोर दाखवली. खऱ्या पाठीवर काठीनं घासलं की समोरच्या पाठीवरही घासलेलं दिसायचं. नंतर डोळे बांधून त्यांना मागं नेलं आणि म्हटलं, आता मूळ जागी जाऊन उभे राहा. ती माणसं मूळ जागेच्या पुढं, त्या दिसलेल्या पाठीच्या दिशेनं जाऊन उभी राहिली. हेन्रिक एर्सन यांनी कॅमेरे माणसाच्या मागं ठेवले. बसलेल्यांना वाटू लागलं, मी मागं बसून माझीच पाठ बघतोय. त्या रिकाम्या जागेवर हातोडी उगारली तर त्यांच्या तळव्यांना घाम फुटला.

मग मामांच्या बाबतीत काय झालं असेल? मेंदूचा प्राणवायू तुटला. बर्लिनला १९९४मध्ये ४२ निरोगी तरुणांना मुद्दाम काही सेकंद बेशुद्ध पाडून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या काहींनी देहाबाहेर गेल्याचं, प्रकाशाचं, शांत वाटल्याचं वर्णन केलं. मरण कुणाच्याच जवळ आलं नव्हतं.

पण इथं थांबणं अप्रामाणिकपणाचं होईल. विजेनं अनुभव आणता येतो, एवढ्यानं दर वेळचा अनुभव मेंदूतलाच असतो असं सिद्ध होत नाही. जांभळाचं चित्र काढता येतं म्हणून झाडावर जांभळं नसतात असं नाही. दुसरा प्रश्न वेगळा तपासावा लागतो, आणि त्याची रीत सोपी आहे: फक्त वरूनच दिसेल अशा जागी काहीतरी ठेवायचं, जे खालच्या कुणालाही ठाऊक नसेल.

१९६८मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स टार्ट यांनी एका तरुणीच्या झोपेचा प्रयोग प्रसिद्ध केला. पलंगाच्या वर, उंचावर असलेल्या फळीवर पाच आकडी संख्या. चौथ्या रात्री तिनं ती अचूक सांगितली: २५१३२. नुसत्या अंदाजानं हे जमण्याची शक्यता एक लाखात एक. पण फळीच्या वर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात आकड्यांचं प्रतिबिंब दिसणं अशक्य नव्हतं. हे स्वतः टार्ट यांनीच तपासून लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. एवढी पक्की वाटणारी गोष्ट एका घड्याळानं सैल केली.

मोठा प्रयत्न सॅम पार्निया यांचा. हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या १५ रुग्णालयांत त्यांनी अभ्यास केला, तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. छताजवळ फळ्या ठोकून त्यांवर चित्रं ठेवली, फक्त वरून दिसतील अशी. आता आकडे कसे आटत जातात ते बघा. हृदय बंद पडण्याच्या घटना २०६०. जगून मुलाखत देऊ शकले १४०. सविस्तर मुलाखत १०१ जणांची. त्यांतल्या दोघांनाच आजूबाजूला काय चाललंय ते बघितल्या-ऐकल्याचं आठवत होतं, आणि त्या दोघांचं हृदय जिथं बंद पडलं तिथं फळीच नव्हती! एकाची हकिगत नोंदींशी ताडून बघता आली. हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची सूचना त्यानं ऐकली होती. ती वेळ बघता हृदय बंद असताना तो तीन मिनिटं सावध असावा, असं पार्निया यांचं म्हणणं. हे गंभीर आहे. पण छाती दाबून थोडं रक्त मेंदूला पोचत असतं आणि कान शेवटपर्यंत साथ देतात. चित्र मात्र कुणी बघितलं नाही.

दुसरी फेरी २०२३मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी टॅब्लेटवर चित्रं आणि कानाला हेडफोन. घटना ५६७, वाचले ५३, मुलाखती २८. चित्र एकानंही ओळखलं नाही. हेडफोनमधले शब्द एकानं सांगितले. काहींच्या मेंदूच्या आलेखात मात्र छाती दाबणं सुरू असताना, अगदी तासाभरापर्यंतसुद्धा, जागृतीसारख्या लहरी दिसल्या. हृदय थांबलं म्हणजे मेंदू लगेच विझला, ही आपली समजूतच कच्ची होती. मला तरी या अभ्यासाचं सगळ्यात मोठं फळ हेच वाटतं, कारण त्याचा संबंध थेट जीव वाचवण्याशी आहे.

तेव्हा विज्ञान पडताळा घेऊ शकतं का? घेऊ शकतं आणि घेतलेला आहे. आजवर फळीवरचं निर्विवादपणे कुणी वाचलेलं नाही. उद्या कुणी कडक देखरेखीत, पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं, तर आत्ताचं सगळं स्पष्टीकरण बदलावं लागेल आणि ते बदलायला मी पहिला तयार आहे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. असे अनुभव कुणाला वारंवार येत असतील, सोबत हातपाय आखडत असतील, तोल जात असेल, मधलं काही आठवत नसेल, तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडं मिरजेला जायला तासही लागत नाही. देवऋषाकडं महिने घालवू नका. आणि घरच्यांनो, त्या माणसाला खोटारडा म्हणू नका. त्याला ते तसंच दिसलेलं असतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी हरिपूरला गेलो. मामांना बाहेर काढणाऱ्या दोघांपैकी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. मी काही न सुचवता विचारलं, मामा कसे पडले होते? ते म्हणाले, "उताना कुठला? भितीला टेकून मुरगळल्याला, डोस्कं गुडघ्यात." आणि टोपी? "टोपी वरच हुती की. हळदीनं मळंल म्हनून उतरायच्या आदी काडून ठेवली त्यानं. मीच घरी पोच केली."

आजोबांची आठवणही पन्नास वर्षांची, तीही चुकू शकते. म्हणून तर फळी लागते. तरी मला त्या टोपीत पलंगावरच्या बाईंचे पाय दिसले. मुकादमाचा आवाज मामांच्या कानावर पडला असेल, दोर सोडणार हे त्यांना आधीच माहीत होतं, आणि टोपी तर रोजचीच.

मामांना हे सांगायला मी घाबरत होतो. पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "टोपी वर हुती?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, "पन हलकं वाटलं हुतं, त्यात काय खोट न्हाई." मी म्हटलं, नाहीच, मामा. थोड्या वेळानं, चहा झाल्यावर, म्हणाले, "तू ह्ये लिवनार आसशील तर टोपीचं बी लिव. आनि कंदील सोडला नव्हता, त्ये आदी लिव."