डिस्क ब्रेकच्या हबवरील गंज : रंग मारण्यापूर्वी कृपया वाचावे

पावसाळा सुरू झाला की अलॉय व्हीलच्या फटींतून डिस्कचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीचा) मधला भाग तांबडा दिसू लागतो आणि डिस्क बदलावी लागेल का, अशी विचारणा आमच्या गॅरेजमध्ये होते. बहुतेक वेळा डिस्क बदलण्याची गरज नसते. डिस्क बिडाची (ओतीव लोखंडाची) असते आणि बीड ओले राहिले की गंजतेच. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे ठोकळे) घासतात त्या पट्ट्यावर रात्रीतून चढलेला गंज सकाळी चार-दोन वेळा ब्रेक दाबताच निघून जातो. मधल्या उंचवट्यापर्यंत पॅड पोहोचत नाहीत, त्यामुळे तेथील गंज राहतो. तो दिसायला वाईट असला तरी ब्रेकच्या पकडीवर त्याचा परिणाम होत नाही.

काळजी करावी ती न दिसणाऱ्या गंजाची. हब म्हणजे डिस्क व चाक ज्यावर बसतात तो मधला भाग; डिस्क त्याच्या ज्या सपाट तोंडावर बसते, तेथे गंजाचे पापुद्रे साचले की डिस्क किंचित तिरकी बसते आणि बैठकीवरील हा फरक डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट होऊन दिसतो. बहुतेक मोटारींत डिस्कचा डगमग (फिरताना कडेचे आत-बाहेर हलणे) सुमारे 0.05 मिलिमीटरच्या आत असावा लागतो, म्हणजे केसाच्या जाडीएवढा पापुद्राही पुरेसा त्रासदायक ठरतो. तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासत राहते, काही हजार किलोमीटरनंतर तेथे पातळ होते आणि मग कसारा घाट उतरताना पेडल पायाखाली धडधडू लागते. बिघाड इतक्या उशिरा जाणवत असल्यामुळे दोष नव्या डिस्कच्या माथी मारला जातो.

हाच त्रास ग्राहक अनेकदा चांगल्या हेतूने ओढवून घेतात. चाक काढून, डिस्क उतरवून, चंदेरी स्प्रे रंग सगळीकडे सारखा मारला जातो, आणि त्यात हबचे तोंड व डिस्कची बैठकही रंगते. या दोन जागांवर रंग कधीही मारू नये. रंगाचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा बसत नाही, आणि ब्रेकच्या उष्णतेने व नटांच्या दाबाने तो दबला की नटांची पकडही सैल होऊ शकते. असा रंग खरवडून काढण्यात आमचा जो वेळ जातो, तो साध्या गंजापेक्षा कितीतरी अधिक असतो. रंग हवाच असेल तर उष्णता सोसणारा घ्यावा आणि तो फक्त मधल्या उंचवट्याच्या बाहेरील बाजूस व डिस्कच्या कडेला, बाकीचा भाग टेपने झाकून मारावा. ऑइल किंवा ग्रीसचा फवारा तर डिस्कजवळ नेऊच नये. तेल प्यालेले पॅड आम्ही धुऊन देत नाही, बदलतो.

डिस्क हबला घट्ट चिकटली असल्यास हातोडा मारू नये. अनेक डिस्कना आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळले की डिस्क सरळ बाहेर येते. त्यानंतर आम्ही हबचे तोंड वायर ब्रशने आणि प्रत्येक स्टडभोवती (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या दांड्याभोवती) फिरणाऱ्या घासणीने धातू उघडा पडेपर्यंत साफ करतो. ग्राइंडर वापरत नाही, कारण त्याने गंजाबरोबर हबचा धातूही जातो. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवत नाही. ती श्वासात जाणे बरे नव्हे. नव्या डिस्कवरील संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसतो, मात्र कारखान्यातून आलेला पातळ लेप बैठकीवरून घासून काढत नाही. शेवटी डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) लावून डगमग मोजतो आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या मॅन्युअलमधील मापापर्यंत आवळतो.

या कामाला वेळ लागतो, त्यामुळे “बाहेर अर्ध्या तासात होते” असे आम्हाला सांगितले जाते. ते खरेही असेल, परंतु हब साफ न करता डिस्क बसवून देणे आम्हाला पटत नाही आणि ग्राहकाने स्वतः आणलेल्या डिस्कसाठीही आम्ही हा नियम मोडत नाही. डिस्कचे काम आमच्याकडे असल्यास हबच्या सफाईचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.

गाडी धुतल्यावर ती लगेच उभी करून ठेवू नये. थोडे अंतर चालवून हलके ब्रेक दाबावेत, म्हणजे डिस्क कोरडी होते. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ठेवल्यास पॅड डिस्कला चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावणे अधिक चांगले. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्यांनी, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत वारंवार जाणाऱ्यांनीही, टायरची अदलाबदल करताना हबचे तोंड अवश्य तपासून घ्यावे. चाके तेव्हा उतरलेलीच असतात. यासाठी मे महिन्यात गाडी आणल्यास आमच्याकडे गर्दी कमी असते आणि काम त्याच दिवशी पूर्ण करून देता येते.