रस्त्याच्या पोटातली चोरी

नव्या रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिवसा पाहिला तर त्यात खोट काढायला जागा नसते. रंग शुभ्र, कडा सरळ, रुंदी बरोबर. रात्री मात्र हा पट्टा दिसतो तो रंगापेक्षा काचेच्या बारीक मण्यांमुळे. रंग गरम असतानाच ते त्यावर टाकतात आणि प्रत्येक मणी साधारण निम्मा रंगात रुतावा लागतो. मग हेडलाइटचा उजेड मण्यात शिरतो, तळाच्या रंगावर आपटतो आणि आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत फिरतो. मणी कमी टाकले किंवा रंग थंड झाल्यावर टाकले, तर दिवसा काही कळत नाही. आणि कामाची पाहणी दिवसाच होते.

रस्तेबांधणीतल्या भ्रष्टाचाराची सगळी रीत या पट्ट्यात सापडते. पैसा खायचा तो पाहणीच्या दिवशी न दिसणाऱ्या जागी. म्हणूनच मला खड्ड्यांपेक्षा दिसायला चांगल्या रस्त्यांची जास्त धास्ती वाटते. खड्डा निदान दिसतो आणि वेग कमी करायला लावतो. (पाण्याने भरलेला खड्डा आणि समोर दुचाकी असेल तर हे लागू नाही, ते वेगळंच संकट.) चांगला दिसणारा रस्ता चालकाला वेग घ्यायला सांगतो आणि तो वेग पेलण्याची ताकद त्याच्यात नसते.

वरचा काळा थर हा रस्त्याचा अगदी थोडा भाग. त्याखाली डांबरमिश्रित खडीचे आणखी थर, मग नुसत्या खडीचे, त्याखाली मुरूम किंवा तत्सम भराव आणि सगळ्यात खाली दाबून बसवलेली माती. चाकाचा भार खाली जाताना पसरत जातो, त्यामुळे मातीपर्यंत पोचेतो तो तिला सोसवेल इतका सौम्य झालेला असतो. थर पातळ केले की भार पुरेसा पसरत नाही आणि माती दबते.

थर किती पातळ झाल्यावर किती नुकसान होतं, हे मोजण्यासाठी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक अवाढव्य प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीचे शेकडो तुकडे जोडून सहा वळसे बांधले आणि त्यातल्या पाचांवर लष्कराच्या चालकांनी ट्रक फिरवत ठेवले. त्यातून निघालेली दोन गणितं आजही रस्त्यांच्या आराखड्यामागे आहेत. पहिलं भाराचं : आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्के जास्त असेल तर हानी दुप्पट, ५० टक्के जास्त असेल तर पाचपट. वजनकाट्यावर चिरीमिरी घेऊन सोडलेला ट्रक रस्त्याचं किती आयुष्य खातो, ते यावरून समजावं.

दुसरं गणित कंत्राटदाराच्या कामाचं. प्रयोगातून बनलेल्या समीकरणात रस्त्याचं आयुष्य थरांच्या एकूण ताकदीच्या नवव्याहून मोठ्या घातावर ठरतं. ताकद फक्त १० टक्क्यांनी घटवली, तर मध्यम जाडीच्या रस्त्याचं आयुष्य निम्म्याहून खाली येतं. चोरणाऱ्याच्या खिशात जातो दहावा हिस्सा, लोकांचा जातो अर्धा रस्ता. इतक्या तोट्याची चोरी दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल, मला शंका आहे.

साहित्याला हात न लावताही चोरी होते. गरम मिश्रण साधारण १४० अंश सेल्सिअसला पसरतात आणि ते सुमारे ८० अंशांपर्यंत उतरायच्या आत रोलरच्या पुरेशा फेऱ्या व्हाव्या लागतात. नंतर डांबर इतकं घट्ट होतं की खडीचे दाणे सरकून एकमेकांत बसत नाहीत. रोलरच्या फेऱ्या म्हणजे डिझेल आणि वेळ. त्या वाचवल्या तर थराची जाडी उलट जास्तच भरते, फक्त आत हवेच्या पोकळ्या राहतात आणि त्यातून पाणी शिरतं. या पोकळ्या सातेक टक्क्यांपेक्षा वाढल्या की पुढच्या प्रत्येक टक्क्याला आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी घटतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

इथवर प्रश्न पैशांचा वाटतो. पण दबलेल्या थरांमुळे चाकांच्या वाटेवर लांबच लांब उथळ घळी पडतात. दिवसा, कोरड्यात त्या जाणवतही नाहीत. पावसात मात्र कडेच्या गटाराकडे वाहून जायला हवं ते पाणी नेमकं चाकाखाली साठतं. वेग वाढला की टायरला ते पाणी बाजूला सारायला उसंत मिळत नाही. टायर पाण्यावर तरंगतो आणि त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात. टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, याचं एक सोपं सूत्र नासाने विमानांच्या टायरांवर केलेल्या अभ्यासातून मिळालं. मोटारीच्या टायरमध्ये नेहमी असते तितकी हवा धरली, तर हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. टायर झिजलेला असेल तर त्याहूनही कमी. मुरुमातली चोरी आणि काही वर्षांनी पावसात भरकटलेली गाडी यांचा संबंध असा जुळतो. पंचनाम्यात तो कधी येत नाही.

पृष्ठभागाच्या पकडीची कथा याहून गंभीर आहे. खडीचे काही दगड वाहतुकीने घासून गुळगुळीत होतात, काही खरखरीत राहतात. चुनखडीचे बरेच दगड पहिल्या जातीचे. मंजूर खाणीतला दगड कागदावर आणि जवळच्या खाणीतला रस्त्यावर, असं झालं तरी सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींवर डांबराचा लेप असतो. तो झिजला की दगडाचा खरा गुण उघडा पडतो. आता आकडे पाहा. ओल्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.६ असेल तर ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून ४२ मीटरवर थांबते. गुणांक ०.३ असेल तर ८४ मीटर लागतात. पहिली गाडी जिथे थांबली त्या जागी दुसरी अजून ताशी ५७ किलोमीटरच्या वेगात असते, कारण तिची निम्मी गतिज ऊर्जा अजून शिल्लक आहे. त्या ४२ मीटरवर रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर फरक वाचण्या-मरण्याचा आहे. दोन्ही चालकांनी मात्र ब्रेक एकाच क्षणी दाबला होता.

वळणावर हीच पकड दोन कामांना लागते. २३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ८० च्या वेगाने वळायला गाडीला स्वतःच्या वजनाच्या ०.२२ पट इतका आडवा आधार हवा. बाहेरची कड नीट उचललेली असेल तर त्यातला ०.०७ भाग रस्त्याचा उतारच देतो. भराव वाचवून वळण सपाट सोडलं, तर सगळे ०.२२ टायरने पैदा करायचे. गुळगुळीत ओल्या रस्त्यावर मुळात ०.३ च मिळणार असतील, तर ब्रेकसाठी उरतं ते त्याहूनही कमी. कठड्यांबद्दलही असंच : वर दिसणारा पत्रा पूर्ण असतो, पण गाडीला अडवतो तो जमिनीत गाडलेला खांब. तो आखूड कापलेला असला तर धडकेनंतरच कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये रस्ते अपघातांत जगभर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यातली किती निकृष्ट बांधकामामुळे, याचा हिशेब अपघाताच्या नोंदींतून निघणं अवघड, कारण नोंद करणाऱ्याला चालक समोर सापडतो. घर्षण मोजायचं यंत्र त्याच्याकडे नसतं. ‘९४ टक्के अपघात चालकाच्या चुकीने होतात’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ च्या एका अहवालातला आहे आणि त्या अहवालातच बजावलं आहे की घटनांच्या साखळीतली ही शेवटची कडी आहे, तिला अपघाताचं कारण समजू नये. इंडियाना विद्यापीठाच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासात एका अपघाताला एकाहून जास्त कारणं नोंदवण्याची मुभा होती. तिथे रस्ता आणि परिसर यांचा वाटा सुमारे ३४ टक्के अपघातांत दिसला. अर्थात प्रत्येक खराब रस्त्यामागे लाच असतेच असं नाही. अज्ञान, अपुरा निधी, घाई यांनीही रस्ते बिघडतात. म्हणूनच चोरी वेगळी काढून मोजणं कठीण असतं.

अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ते इंडोनेशियात करून दाखवलं. सहाशेहून अधिक गावांत छोटे रस्ते बांधले जात होते. काम झाल्यावर त्यांच्या अभियंत्यांनी रस्ते खणून नमुने काढले, किती वाळू, किती खडी प्रत्यक्षात पडली ते मोजलं आणि खर्चाच्या कागदांशी ताडून पाहिलं. थोडं साहित्य वाहतुकीत आणि दाबताना हरवणारच, तो दोष चोरीच्या माथी यायला नको. म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या देखरेखीखाली छोटे रस्ते बांधून ही स्वाभाविक घट किती असते ते मोजलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लेखापरीक्षण होण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली, तेव्हा गायब होणारा खर्च ८ टक्के-बिंदूंनी घटला. गावकऱ्यांना देखरेखीच्या बैठकांना बोलावण्याचा सरासरी परिणाम मात्र नगण्य होता. कारणही त्यांच्याच आकड्यांत आहे. खडीचा भाव फुगवला तर गावकऱ्याला कळतं, म्हणून भ्रष्टाचार भावात कमी आणि साहित्याच्या परिमाणात जास्त होता. लेखापरीक्षण वाढल्यावर आणखी एक गंमत झाली : कामावर पुढाऱ्यांच्या नातेवाइकांची भरती वाढली. एक दार लावलं की दुसरं किलकिलं होतं.

तेव्हा लोकांची नजर पुरत नाही, उपकरण लागतं. थराचे दंडगोल काढणं ही जुनी पद्धत आणि ती चांगली आहे, फक्त दंडगोल कुठून काढायचा ते कंत्राटदाराने दाखवता कामा नये. ती जागा यदृच्छ आकड्यांनी ठरावी आणि नमुना कोणाचा हे प्रयोगशाळेला कळू नये. जमिनीत रडारलहरी सोडून न खणता जाडी मोजता येते. वजन आपटून रस्ता किती लवतो तेही मोजता येतं. पकडीसाठी ब्रिटनने १९८८ पासून मुख्य महामार्गांवर नियमच केला : प्रवासाच्या दिशेशी २० अंश तिरकं धरलेलं एक चाक लावलेला टँकर रस्ता ओला करत धावतो आणि त्या चाकावरचं आडवं बल नोंदवत जातो. आकडा त्या जागेसाठी ठरवलेल्या पातळीखाली गेला की तिथे तपास करणं बंधनकारक असतं. अशा मोजण्यांचे आकडे तुकड्या-तुकड्याने, कंत्राटदाराच्या नावासह खुले केले, तर कोणाची खडी दोन वर्षांत घासली आणि कोणाची दहा वर्षं टिकली हे कुणालाही पाहता येईल.