विमानं भरलेली, तरी फेऱ्या का घटतात?

एखाद्या बड्या आंतरराष्ट्रीय विमान कंपनीनं फेऱ्या कमी केल्या, माणसं घरी बसवली, की प्रवासीच मिळत नसतील असं आपण धरून चालतो. हाँगकाँगच्या एका नामांकित कंपनीचं २०१६ हे वर्ष पाहा. तिच्या दर पाचांपैकी चारांहून जास्त खुर्च्या भरत होत्या. तरी आठ वर्षांत पहिल्यांदाच ती तोट्यात गेली आणि २०१७ मध्ये मुख्यालयातल्या सुमारे ६०० नोकऱ्यांवर गदा आली.

स्पर्धा होतीच. चिनी कंपन्यांच्या थेट सेवा वाढल्या होत्या, आखाती कंपन्या तिकिटांचे दर पाडत होत्या. पण खोल घाव घातला तो इंधनाच्या आगाऊ सौद्यांनी. त्याला 'हेजिंग' म्हणतात आणि या शब्दानं फार घोळ घातला आहे. कुणी त्याला विमा म्हणतं, कुणी सट्टा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला तो लगेच कळेल. माल उतरायच्या आधीच व्यापारी भाव ठरवून इसार देतो. बाजार चढला तर त्याचा फायदा, पडला तर ठरल्या भावानं माल उचलणं अंगावर येतं. विमान कंपनी या व्यापाऱ्याच्या जागी असते, फक्त तिला सौदा अर्ध्यावर टाकून निघून जाता येत नाही. २०१४ च्या मध्यात कच्चं तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. कंपनीचे सौदे मात्र जुन्या, चढ्या भावाचे. एकट्या २०१६ मध्ये त्यात ८४५ कोटी हाँगकाँग डॉलर गेले. याला सट्टा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. खर्चाचा पाव ते तिसरा हिस्सा इंधनावर जात असेल तर भाव बांधून घेणं रास्तच. चूक मुदतीत झाली, थेट २०१९ पर्यंतचं तेल बांधून ठेवलं होतं.

तेलानं विमान कंपन्यांना हादरवलं ते १९७३ पासूनच. पुढचे धक्के वेगळे होते. मार्च २०२० मध्ये भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली, ती २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या अपघातानंतर वाढलेल्या तपासण्या आणि बंद हवाई हद्दी यांमुळे देशातल्या एका कंपनीनं मोठ्या विमानांच्या परदेशी फेऱ्या काही आठवड्यांसाठी १५ टक्क्यांनी घटवल्या.

नाशिकला याची झळ मालाच्या बाजूनं बसते. युरोपला जाणारी द्राक्षं बहुतेक रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून, बोटीनं जातात. भाजीपाल्याला मात्र विमान लागतं, आणि कोरोनापूर्वी जगातला जवळपास निम्मा हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जात होता. नाशिकच्या ओझर विमानतळाहून परदेशाची नियमित प्रवासी सेवा नसल्यानं आपली मालाची गाडी कसारा घाट उतरून मुंबईला जाते. तिथे फेरी रद्द झाली तर प्रवाशाला दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवता येतं. पहाटे खुडून पॅकहाउसमध्ये गार केलेली भेंडी तोवर काळी पडू लागते.